कॅमेऱ्याचा जुना घाट आणि त्याची कार्यक्षमता

१

एखाद्या उपकरणाचा घाट त्याच्या कार्यातून आपोआप निष्पन्न होतो, की तो कार्यापासून विलग करून दुसऱ्या उपकरणावर चढविता येतो, हा प्रश्न वास्तू, भांडी, वस्त्रे इत्यादींच्या संदर्भात वारंवार चर्चिला गेला आहे. कॅमेऱ्याच्या बाबतीत तो गेल्या दोन दशकांत एका विशिष्ट आणि अगदी व्यवहारी स्वरूपात पुढे आला. आरसा नसलेले, म्हणजे बाजारात ज्यांस मिररलेस म्हणतात ते डिजिटल कॅमेरे प्रचारात आल्यानंतर, त्यांतील कित्येक कॅमेऱ्यांस १९५० ते १९८५ या काळातील फिल्म-कॅमेऱ्यांचे बाह्यरूप मुद्दाम देण्यात येऊ लागले. वरच्या पृष्ठावर कोरीव आकड्यांच्या तबकड्या, रुपेरी माथा, मूठ नसलेले सपाट अंग आणि कातड्यासारखे आवरण ही या रूपाची लक्षणे होत. असा कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या ग्राहकापुढे त्यामुळे एक निवड उभी राहते. त्याने रूपास किती मोल द्यावे आणि कार्यक्षमतेस किती?

या निवडीचा विचार बहुधा रुचीचा विचार म्हणून केला जातो. तथापि तो इतिहासाचाही विचार आहे. ज्या अवयवांचे आज अनुकरण होते ते अवयव मुळात कोणत्या गरजेतून निर्माण झाले, ती गरज पुढे केव्हा संपली आणि संपल्यानंतरही ते अवयव कोणत्या कारणाने परत आले, याचा उलगडा झाल्यावाचून रूप आणि कार्य यांचे माप एका तराजूत घालता येणार नाही.

२

या घाटाचा उगम जर्मनीतील वेत्झलार या गावी झाला. अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या कारखान्यातील यंत्रज्ञ ऑस्कर बार्नाक याने १९१३-१४ च्या सुमारास चलच्चित्रासाठी वापरली जाणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरून एक लहानसा कॅमेरा तयार केला. चलच्चित्राची चौकट १८ × २४ मिलिमीटरची असे. बार्नाकने फिल्म उभी न सरकविता आडवी सरकविली आणि चौकट दुप्पट करून २४ × ३६ मिलिमीटरची केली. महायुद्धामुळे लांबलेले हे काम १९२४ मध्ये धाकट्या अर्न्स्ट लाइट्झने उत्पादनाचा निर्णय घेतल्यावर मार्गी लागले आणि १९२५ च्या लाइपझिग येथील वसंत-जत्रेत लायका कॅमेरा लोकांपुढे आला.

लायकाच्या रूपातील जवळजवळ प्रत्येक रेषेस यांत्रिक कारण आहे. एका टोकास फिल्मची डबी आणि दुसऱ्या टोकास ती गुंडाळणारे रीळ असल्यामुळे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजू गोलाकार झाल्या. शटरचा कापडी पडदा उभ्या रुळांवर फिरत असल्यामुळे त्याचा वेग ठरविणारी तबकडी वरच्या पृष्ठावर आली. भिंगातील छिद्र लहानमोठे करणाऱ्या पात्या भिंगाच्या नळीतच असल्यामुळे त्यांचे कडेही नळीवरच बसले. प्रारंभीच्या लायकात शटरची तबकडी शटर सुटताना स्वतःही फिरत असे. वेग बदलावयाचा तर आधी शटर ताणून मग तबकडी उचलून फिरवावी लागे. १९५४ च्या एम-३ या नमुन्यात तबकडी स्थिर झाली, दृश्य पाहण्याची आणि अंतर जुळविण्याची खिडकी एक झाली व फिल्म ओढण्यास गोल गुंडीऐवजी दांडा आला. म्हणजे ज्या रूपाकडे आज गतकाळाची आठवण म्हणून पाहिले जाते, ते त्या त्या वर्षी कार्यक्षमतेचे सर्वांत पुढारलेले रूप होते. बार्नाकला दम्याचा विकार होता व जड कॅमेरा वाहून नेणे त्यास कष्टाचे होई, हे लक्षात घेतले म्हणजे लायकाचा लहानपणा शोभेसाठी नव्हता हे अधिकच स्पष्ट होते.

दुसरी परंपरा एकभिंगी आरशाच्या कॅमेऱ्याची. ड्रेस्डेन येथील किने-एक्झाक्टा १९३६ मध्ये निघाला. आरशातून दिसणारी उलटसुलट प्रतिमा सुलट करून डोळ्यासमोर आणणारा पंचकोनी लोलक १९४९ च्या कॉन्टॅक्स एस मध्ये आला आणि त्या लोलकामुळे कॅमेऱ्याच्या माथ्यावर मध्यभागी तो परिचित उंचवटा निर्माण झाला. १९५९ च्या निकॉन एफ ने ही पद्धत व्यावसायिक वृत्तछायाचित्रकारांच्या हाती दिली. येथे एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. निकॉन एफच्या बाह्यरूपाच्या आखणीत युसाकु कामेकुरा या जपानी आरेखन-कलावंताचा वाटा होता. लोलकास आच्छादन हवे ही यंत्राची मागणी होती. ते आच्छादन धारदार कडांचे हवे ही मात्र कलावंताची निवड होती. तेव्हा जुने कॅमेरे केवळ कार्यातून घडले आणि नवे केवळ शोभेसाठी घडतात, ही सोपी विभागणी इतिहासास मान्य होण्यासारखी नाही. जुन्या काळीही रूपाचा स्वतंत्र विचार होत होता. फरक इतकाच, की तो कार्याने आखून दिलेल्या मर्यादेच्या आत होत असे.

या परंपरेचा परिपाक १९८२ च्या निकॉन एफएम२ मध्ये दिसतो. १/४००० सेकंदापर्यंत जाणारे त्याचे शटर संपूर्णतः यांत्रिक होते. बॅटरी संपली तर प्रकाशमापक तेवढा बंद पडे, शटर सर्व वेगांवर चालूच राही. त्याचे वजन ५४० ग्रॅम होते. त्यात स्वयंचलित उद्भासनाची कोणतीही सोय नसल्यामुळे तबकडीवर जो आकडा दिसे तोच शटरचा वेग असे. हा शेवटचा मुद्दा पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

३

हा घाट कोणाच्या लहरीने मोडला नाही. तोही कार्यानेच मोडला. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने कॅमेऱ्याच्या अंगातच मोटार बसवून स्वयंचलित फोकस यशस्वी केला आणि त्याबरोबर तबकड्या काढून बटणे आणली. १९८६ च्या कॅनन टी९० मध्ये गोलाईदार अंग, उजव्या हाताची भरीव मूठ, आकडे दाखविणारी काचपट्टी आणि तर्जनीखाली फिरणारे एकच चक्र एकत्र आले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या कॅननच्या ईओएस मालिकेने तोच नमुना पुढे चालविला. एका चक्राने वेग, छिद्र, संवेदनशीलता असे काहीही बदलता येऊ लागल्यावर प्रत्येक कार्यास वेगळी तबकडी ठेवण्याचे कारण उरले नाही. बॅटऱ्यांस जागा हवी होती आणि जड भिंगांस आधार हवा होता, म्हणून मूठ वाढली. पुढे डिजिटल कॅमेऱ्यांनी फिल्मची डबी, रीळ आणि ती ओढणारा दांडा हे तिन्ही अवयव निरर्थक करून टाकले.

४

जुन्या घाटाचे पुनरागमन डिजिटल युगाच्या आधीच सुरू झाले होते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. १९८७ मध्ये निसान कंपनीने जुन्या वळणाची बी-१ ही मोटार मर्यादित संख्येने काढली. तिच्या संकल्पनेशी निगडित असलेल्या नाओकी साकाई यांच्याच आरेखनातून १९८८ मध्ये ऑलिंपसचा ओ-प्रॉडक्ट हा कॅमेरा निघाला. त्याच्या धातूच्या कवचाआड सामान्य स्वयंचलित यंत्रणा होती. रूप हे कार्यापासून सोडवून स्वतंत्रपणे विकता येते याचा हा आरंभीचा पुरावा होय.

डिजिटल कॅमेऱ्यात जुने रूप प्रथम ठळकपणे आणले ते २००४ च्या एप्सन आर-डी१ ने. त्यात फिल्म नव्हती, तरी फिल्म ओढण्याचा दांडा होता. आणि तो दांडा खोटा नव्हता. आतील शटर यांत्रिक असल्यामुळे ते ताणण्याचे काम तो खरोखरीच करीत असे. मात्र खऱ्या अर्थाने वाट मोकळी झाली ती आरसा गेल्यानंतर. आरशास जागा हवी म्हणून निकॉनच्या जुन्या पद्धतीत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मच्या प्रतलापर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवावे लागे. नव्या झेड पद्धतीत ते १६ मिलिमीटर आहे. २०१३ मध्ये निकॉनने आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यासच जुने रूप देऊन डीएफ हा नमुना काढला, तेव्हा त्याची जाडी ६६.५ मिलिमीटर झाली. आरसा, त्यामागे प्रकाशसंवेदक आणि त्याच्याही मागे पडदा, एवढे थर असताना जुन्या कॅमेऱ्याची अंगकाठी साधणे कठीण होते. २०२३ च्या झेड एफ या आरसाविरहित नमुन्याची जाडी ४९ मिलिमीटर आहे. म्हणजे जुने रूप शक्य झाले ते जुना आरसा टाकून दिल्यामुळे.

२००८ मध्ये पॅनासॉनिकने जी१ हा मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीचा पहिला कॅमेरा काढला. २००९ मध्ये ऑलिंपसने ई-पी१ काढला व त्याचे नाते योशिहिसा माइतानी यांनी १९५९ मध्ये घडविलेल्या पेन कॅमेऱ्याशी जोडले. सप्टेंबर २०१० मध्ये फुजीफिल्मने एक्स१०० जाहीर केला. तो २०११ मध्ये विक्रीस आला आणि त्याच्या यशाने संपूर्ण मालिकेचा पाया घातला. एक्स-प्रो१ २०१२ मध्ये, एक्स-टी१ २०१४ मध्ये निघाला. निकॉनने २०२१ मध्ये झेड एफसी काढून एफएम२ ची छबी लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर उमटविली.

या घटनांच्या मागे बाजारपेठेतील एक मोठे स्थित्यंतर होते. कॅमेरा-उत्पादकांच्या जपानी संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०१० मध्ये सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात रवाना झाले. २०२३ मध्ये ती संख्या ८० लाखांच्या आत आली. चित्र टिपण्याचे साधे काम भ्रमणध्वनीने उचलले. जो ग्राहक उरला तो केवळ चित्रासाठी नव्हे, तर चित्र घेण्याच्या क्रियेसाठीही पैसे मोजणारा होता. अशा ग्राहकास तबकडीचा स्पर्श हा उपकरणाच्या कार्याचाच भाग वाटला तर त्यात नवल नाही.

५

अनुकरण केलेल्या अवयवांची आता पृथक् परीक्षा करता येईल. त्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात जुने काम आजही करणारे अवयव येतात. फुजीफिल्मच्या एक्स-टी मालिकेत शटरच्या तबकडीवर आणि अनेक भिंगांच्या छिद्राच्या कड्यावर आकड्यांबरोबर स्वयंचलिततेची खूण असते. दोन्ही त्या खुणेवर ठेवली तर यंत्र दोन्ही गोष्टी ठरविते. एक आकड्यावर आणली तर ती छायाचित्रकाराच्या हाती येते. कॅमेरा कोणत्या पद्धतीने चालला आहे हे तो बंद असतानाही नुसत्या नजरेने कळते. कडे आता पात्यांस प्रत्यक्ष ओढीत नाही, केवळ विद्युत्संदेश पाठविते हे खरे. परंतु त्यावरील आकडा खरे सांगतो.

दुसऱ्या वर्गात जुन्या जागी नवे काम करणारे अवयव मोडतात. माथ्यावरील उंचवट्यात आता लोलक नसून विद्युत्दृश्यदर्शक असतो. तो मध्यभागीच असला पाहिजे असे नाही; २०११ च्या सोनी नेक्स-७ मध्ये तो डाव्या कोपऱ्यात होता. तरीही मध्यभागी असलेल्या उंचवट्यास काही काम आहे.

तिसऱ्या वर्गात ज्यांचे रूप आहे पण बोल खरा नाही असे अवयव येतात. झेड एफ मध्ये शटरची तबकडी आहे आणि शिवाय उद्भासनाची पद्धत ठरविणारा वेगळा खटकाही आहे. हा खटका स्वयंचलित पद्धतीवर असताना तबकडीवर १/१२५ असा आकडा दिसत राहतो आणि यंत्र मात्र दुसऱ्याच वेगाने चित्र घेते. तबकडीवर पूर्ण पायऱ्याच कोरलेल्या असल्यामुळे मधल्या तृतीयांश पायऱ्यांसाठी तिच्यावर एक वेगळे स्थान ठेवावे लागले आहे. त्या स्थानी तबकडी आपला अधिकार सोडून देते आणि अंगठ्याखालचे चक्र काम पाहते. एफएम२ ची तबकडी असत्य बोलूच शकत नव्हती. तिची प्रतिकृती बोलू शकते. २०२५ च्या ओएम-३ ची गोष्ट याहून बोलकी आहे. १९७२ च्या ऑलिंपस ओएम-१ मध्ये शटरचा वेग भिंगाच्या बैठकीभोवतीच्या कड्यावर असे. डोळा न हलविता डाव्या हाताने वेग, छिद्र व अंतर ही तिन्ही जुळविता यावीत अशी ती योजना होती. नव्या कॅमेऱ्याने ओएम-१ चा माथा घेतला. ते कडे घेतले नाही. जुन्या कॅमेऱ्याचे जे खरे वैशिष्ट्य होते तेच नेमके मागे राहिले.

२०२५ मध्ये निघालेल्या फुजीफिल्मच्या एक्स हाफ या कॅमेऱ्यातील दांडाही याच संदर्भात पाहण्याजोगा आहे. तो शटर ताणीत नाही. दोन चित्रे एकत्र जोडणे आणि एका विशिष्ट पद्धतीत पुढच्या चित्राची परवानगी देणे ही त्याची कामे केवळ त्याच्यासाठी निर्माण केलेली आहेत. एप्सनच्या दांड्यापासून या दांड्यापर्यंत जो प्रवास झाला, त्यात अवयवाने आपले कार्य गमावून नाट्य स्वीकारलेले दिसते.

६

रूपासाठी मोजावी लागणारी किंमत नेमकी किती, हे ठरविण्यास एक चांगले साधन उपलब्ध आहे. एकच कंपनी एकच अंतरंग दोन निरनिराळ्या कवचांत विकते, तेव्हा त्या दोहोंतील फरक हीच रूपाची किंमत समजता येते.

निकॉनच्या झेड एफ मध्ये २४.५ मेगापिक्सेलचा पूर्ण चौकटीचा संवेदक आणि एक्सपीड ७ हा प्रोसेसर आहे. एप्रिल २०२५ मध्ये निघालेल्या झेड ५ च्या दुसऱ्या आवृत्तीतही तितक्याच मेगापिक्सेलचा पूर्ण चौकटीचा संवेदक आणि तोच प्रोसेसर आहे. अमेरिकेतील आरंभीची किंमत पहिल्याची सुमारे २,००० डॉलर, तर दुसऱ्याची सुमारे १,७०० डॉलर होती. स्वस्त कॅमेऱ्यास खोल मूठ आहे, फोकसचा बिंदू हलविण्याची छोटी दांडी आहे आणि पूर्ण आकाराच्या दोन स्मृतिपत्रिकांची जागा आहे. महाग कॅमेऱ्यास मूठ नाही, ती दांडी नाही आणि दुसरी स्मृतिपत्रिका सूक्ष्म आकाराची लागते. येथे रूपाने पैसा घेतला आणि सोयही घेतली. बॅटरीसह त्याचे वजन सुमारे ७१० ग्रॅम असल्यामुळे लांब भिंग लावले की मुठीचा अभाव मनगटास जाणवल्याखेरीज राहत नाही.

उलटपक्षी, २०२२ मधील फुजीफिल्मची जोडी निराळी साक्ष देते. एक्स-एच२ आणि एक्स-टी५ या दोहोंत ४० मेगापिक्सेलचा संवेदक आणि प्रोसेसर समान आहेत. यांत जुन्या रूपाचा एक्स-टी५ सुमारे १,७०० डॉलरला आणि आधुनिक रूपाचा एक्स-एच२ सुमारे २,००० डॉलरला निघाला. अधिक पैशात अधिक स्पष्ट दृश्यदर्शक, अधिक वेगवान स्मृतिपत्रिका आणि ८-के चलच्चित्रणाची सोय मिळते. कमी पैशात सुमारे १०० ग्रॅम हलके अंग आणि खरे बोलणाऱ्या तबकड्या मिळतात. स्थिरचित्रे घेणाऱ्यास येथे जुने रूप स्वस्तात पडते. सारांश, रूप नेहमीच अधिमूल्याने विकले जाते असा नियम करता येत नाही. प्रत्येक जोडीचा हिशोब स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

या हिशोबात न येणारा एक घटकही आहे. उत्तम मूठ असलेला जो कॅमेरा घरी कपाटात राहतो त्यापेक्षा मालकास सोबत न्यावासा वाटणारा कॅमेरा अधिक चित्रे घेतो. २०२० च्या एक्स१००व्ही ची मागणी पुढील वर्षांत पुरवठ्याच्या कितीतरी पुढे गेली. ती केवळ तांत्रिक कोष्टक वाचून गेली असे म्हणणे धाडसाचे होईल. आवड हे कार्यक्षमतेचे विरोधी तत्त्व नाही. वापरास प्रवृत्त करणे हेही उपकरणाचे एक कार्यच होय. मात्र ही प्रवृत्ती पहिल्या महिन्यानंतर टिकते की नाही, याची साक्ष तबकडीच्या खरेपणावर आणि हाताच्या सोयीवर अवलंबून असते. रुपेरी माथ्यावर नव्हे.

७

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा, की जुन्या घाटाचे मूल्य त्याच्या वयात नसून त्याच्या कार्यात होते. म्हणून अनुकरणाची परीक्षाही अवयवागणिक केली पाहिजे. जी तबकडी यंत्राची खरी अवस्था दाखविते आणि छायाचित्रकाराच्या निर्णयास वळण लावते तिच्यासाठी थोडी गैरसोय पत्करणे शहाणपणाचे ठरते. जिचा आकडा यंत्राशी जुळेलच असे नाही, तिच्यासाठी अधिक किंमत देताना ती अलंकार म्हणून देत आहोत हे ग्राहकास ठाऊक असावे.

दुसरा असा, की निवड भिंगापासून सुरू व्हावी. लहान, स्थिर नाभ्यंतराच्या भिंगास सपाट अंगाचा कॅमेरा शोभतो आणि पेलतो. कारण मुळात तो अशाच भिंगांसाठी घडला. पक्षी, क्रीडा किंवा विवाहसमारंभ यांसाठी जड भिंगे वापरणाऱ्यास १९८६ नंतरची मूठ हीच योग्य परंपरा होय. मूठ हीदेखील आता इतिहासाचा भाग आहे आणि तिची गरज संपलेली नाही.

तिसरा निष्कर्ष टिकाऊपणाविषयीचा आहे व तोच बहुधा सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. जुना घाट ग्राहकास दीर्घायुष्याचे आश्वासन देतो. १९८२ चा एफएम२ आजही फिल्म घालून बॅटरीवाचून चालविता येतो. कारण त्याचे आयुष्य त्याच्या स्प्रिंगांत आणि दात्यांत आहे. त्याच्या रूपाचा डिजिटल वारस मात्र संवेदक, प्रोसेसर आणि विशिष्ट बॅटरी यांवर जगतो. पितळेची तबकडी झिजण्याच्या कितीतरी आधी त्या बॅटरीचे उत्पादन थांबण्याचा संभव आहे. एकदाच, आणि पदरचे मोजून कॅमेरा घेणाऱ्यास हा भेद समजणे अगत्याचे आहे. अशा ग्राहकाने जुन्या रूपाचा कॅमेरा घेऊ नये असे यावरून निष्पन्न होत नाही. त्याने तो आजच्या कामासाठी, आजच्या यंत्राच्या मोलाने घ्यावा आणि जुन्या यंत्राच्या आयुष्याची अपेक्षा त्याच्यावर लादू नये, एवढेच निष्पन्न होते.